पेटीवर तासगाव, पाटीवर नाशिक

गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत मी शनिवार-रविवार पाहुण्यांना टेस्टिंग करून देते. मागच्या रविवारी मुंबईच्या एका काकांनी विचारलं, "मालवाझिया वाइन आहे का?" नव्हती. आमची धाव शेनिन ब्लां आणि शिराझपर्यंत. पण त्या नावावर माझा जीव आहे, त्यामुळे पुढची दहा मिनिटं काकांची सुटका झाली नाही.

मालवाझिया हे मुळात गावाचं नाव. ग्रीसमध्ये पेलोपोनीजच्या आग्नेय किनाऱ्याला लागून समुद्रात एक भला मोठा खडक आहे, त्यावर वसलेलं बंदर म्हणजे मोनेमवासिया. 'मोनी एमवासिस', आत शिरायला एकच वाट. जमिनीवरून यायचं तर चिंचोळ्या बांधावरूनच, आणि गाड्या आजही वेशीबाहेर थांबतात. १२४८ मध्ये पश्चिम युरोपातून आलेल्या फ्रँकांनी ते घेतलं, तेही तीन वर्षं वेढा घालून. (आपल्या रामशेज किल्ल्यानं मोगलांना याहून जास्त झुंजवलं, हे मी काकांना मुद्दाम ऐकवलं.)

व्हेनिसवाल्यांच्या तोंडी त्या नावाचं मालवाझिया झालं आणि तिथून जहाजांत चढणाऱ्या गोड वाइनलाही तेच चिकटलं. इंग्रजांनी त्याचं आणखी माम्झी केलं. पुढे ही वाइन मुख्यतः क्रीट बेटाहून यायला लागली, १५४० मध्ये गाव तुर्कांकडे गेलं, नाव मात्र इटली, क्रोएशिया, मदेरा असं हिंडत राहिलं. आज मालवाझिया म्हणवणाऱ्या द्राक्षजाती ढीगभर आहेत, आणि त्यातल्या कितीतरी एकमेकींच्या लांबच्या बहिणीसुद्धा नाहीत. खुद्द मोनेमवासियाच्या वाइनला त्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं ते थेट २०१० मध्ये.

घरी येऊन हे अण्णांना सांगितलं. निफाडला आमची तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. माल निघाल्यावरची खरड छाटणी होऊन दोन दिवस झाले होते, ते हाताला लागलेली, वेलींना लावायची पेस्ट रॉकेलनं पुसत बसले होते. मी म्हटलं, "दादरला परवा हातगाडीवर 'नाशिकची गोड द्राक्षं' अशी पाटी होती. खाली पेटीवर छापलेलं तासगाव."

मला वाटलं, चिडतील.

"मग? केवढ्यानं देत होता?" अण्णांनी विचारलं.


भाव सांगितला. अण्णा बराच वेळ बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "आपल्याला तर व्यापाऱ्यानं त्याच्या निम्मेबी नाही दिले."