एका शून्याने पाडलेला डेटाबेस

सलग तिसऱ्या रात्री डेटाबेस कोसळला तेव्हा लॉगमधल्या ओळी तंतोतंत त्याच होत्या. पहिली: सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ ने बंद पडली. लगेच खाली: दुसरी प्रोसेस क्रॅश झाल्यामुळे हे कनेक्शन तोडत आहोत. आणि मग प्रत्येक ॲप्लिकेशनला एकच उत्तर: डेटाबेस रिकव्हरीत आहे.

सिग्नल ९, म्हणजे प्रोसेसला तत्काळ मारण्याचा आदेश, पोस्टग्रेस (आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर) सहसा स्वतःहून पाठवत नाही. बहुतेक वेळा तो कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ओओएम किलरकडून येतो; मेमरी संपली की तो एखादी प्रोसेस मारतो. मेलेल्या प्रोसेसने सामायिक मेमरीत काही अर्धवट लिहिलं असेल या शक्यतेने पोस्टग्रेस बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडतो आणि वॉलमधून, म्हणजे बदलांच्या आधी लिहिलेल्या नोंदवहीतून, पुन्हा उभा राहतो. एका क्वेरीपायी सगळ्यांचं काम बंद पडतं ते यामुळे.

मशीनची रॅम ३२ जीबी, स्वॅप २ जीबी, शेअर्ड बफर्स (सगळ्या जोडण्यांची सामायिक मेमरी) ८ जीबी, वर्क_मेम (क्वेरीच्या कामासाठीच्या मेमरीची मर्यादा) २५६ एमबी, पोस्टग्रेसची आवृत्ती १४. रात्री सव्वा वाजता जॉब सुरू व्हायचं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरणा टेबल (आलेल्या फाइलीचा डेटा ज्यात भरतात ते) ट्रंकेट म्हणजे रिकामं करायचं, कॉपीने त्यात सुमारे २.५ कोटी ओळी भरायच्या आणि ते २० कोटी ओळींच्या खातेवहीशी ग्राहक क्रमांकावर जोडून (जॉइन करून) निकाल तिसऱ्या टेबलात इन्सर्ट करायचा. जॉइन दहा कमी दोनला सुरू व्हायचा आणि पावणेतीनच्या पुढे सर्व्हर पडायचा.

पहिला संशय वर्क_मेमवर गेला. ही मर्यादा पूर्ण क्वेरीची नसते. क्वेरीच्या प्लॅनमधल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला (ओळी पटकन जुळवण्यासाठी मेमरीत बांधलेल्या तक्त्याला) ती वेगळी मिळते, समांतर वर्कर असतील तर त्या प्रत्येकाला पुन्हा वेगळी, आणि आवृत्ती १५ पासून हॅशला मुळातच दुप्पट. त्यामुळे २५६ एमबीचे २० जीबी झाल्याचं नवल वाटत नाही. पण इथे ते गणित बसेना. इन्सर्ट-सिलेक्टला पोस्टग्रेस समांतर प्लॅन देत नाही आणि या क्वेरीत हॅश एकच होतं. तरी दुसऱ्या रात्री वर्क_मेम ६४ एमबीवर आणून पाहिलं. सर्व्हर पडलाच.

कर्नलच्या लॉगमध्ये ओओएमची जी ओळ असते, तीत मारलेल्या प्रोसेसचे चार आकडे येतात: टोटल-व्हीएम, ॲनॉन-आरएसएस, फाइल-आरएसएस आणि शेमेम-आरएसएस. पुष्कळजण पहिला आकडा बघून घाबरतात. त्यात शेअर्ड बफर्सची पूर्ण ॲड्रेस स्पेस मोजलेली असते, म्हणून तो कायम फुगलेलाच दिसतो. शेमेम म्हणजे त्या प्रोसेसने हाताळलेली सामायिक पानं. ती सगळ्यांची असतात, प्रोसेस मेली तरी मोकळी होत नाहीत. प्रोसेसची स्वतःची खाबूगिरी कळते ती ॲनॉन-आरएसएसवरून. दोन्ही रात्री तो आकडा २२ जीबीच्या आसपास होता. मर्यादा चौपट खाली आणूनही उंची तीच, म्हणजे मर्यादा पाळलीच जात नव्हती.

तिसऱ्या रात्रीसाठी छोटी स्क्रिप्ट लावली होती. त्या बॅकएंडच्या (जॉबच्या जोडणीच्या सर्व्हर प्रोसेसच्या) प्रॉक स्टेटसमधली आरएसएस-ॲनॉनची ओळ दर ५ सेकंदांनी टिपायची आणि आकडा ५ जीबीच्या वर गेला की पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन त्या पीआयडीवर (प्रोसेस क्रमांकावर) चालवायचं. हे फंक्शन आवृत्ती १४ मध्ये आलं. चालत्या प्रोसेसच्या मेमरीचा झाडा ते सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितं.

नोंदी वाचून मी चकित झालो. जवळजवळ तासभर रेघ सपाट, शंभर-दीडशे एमबीच्या आसपास. त्या वेळात टेंपररी फाइली तेवढ्या वाढत होत्या. मग २ वाजून ४७ मिनिटांनी दर नोंदीला ५००-६०० एमबीची भर पडू लागली आणि साडेतीन मिनिटांत सगळं संपलं. मेमरीच्या झाड्यात बाकीची नावं किरकोळ आकड्यांवर होती, एक हॅशबॅचकॉन्टेक्स्ट तेवढं ५ जीबीवर.

तासभर शांत आणि मग एकदम चढ, याचं कारण हॅश जॉइनच्या कामाच्या रीतीत आहे. आतली बाजू (जिचा हॅश बांधतात ती, इथे भरणा टेबल) मेमरीत मावणार नसेल तर पोस्टग्रेस जॉइनच्या किल्लीच्या (इथे ग्राहक क्रमांकाच्या) हॅशवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या संख्येवरून, तिचे तुकडे पाडतो, ते डिस्कवर ठेवतो आणि एकेक तुकडा मेमरीत आणून जुळवतो. एखादा तुकडा मोठा निघाला तर तुकड्यांची संख्या दुप्पट करून त्याला फोडतो. पण सगळ्या ओळींची किल्लीच एक असेल तर हॅशही एक, आणि कितीही वेळा फोडा, त्या सगळ्या एकाच तुकड्यात राहतात. दुप्पट केल्यावर एकही ओळ हलली नाही किंवा सगळ्याच हलल्या, की पोस्टग्रेस फोडणं सोडून देतो आणि तो तुकडा वाट्टेल तेवढा वाढू देतो. तिथून पुढे वर्क_मेमला काही अर्थ उरत नाही.

आलेल्या फाइलीत ग्राहक क्रमांकांची मोजणी केली. १.६ कोटी ओळींत ग्राहक क्रमांक ० होता. आधी तिथे नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, यायचं. फाइल पाठवणाऱ्यांनी त्याच आठवड्यात ते बदललं होतं. नल असलेली किल्ली कशाशीच जुळत नसल्यामुळे इनर जॉइनसाठी हॅश बांधताना पोस्टग्रेस ती ओळ तिथेच टाकून देतो. शून्य मात्र त्याच्या लेखी रीतसर क्रमांक. एका ओळीत मूळ मजकुराचा रकाना धरून दीड केबी, गुणिले १.६ कोटी, म्हणजे २४ जीबी. शिवाय खातेवहीत ग्राहक ० नाहीच. हा सगळा ढिगारा जुळणार नसलेल्या ओळींसाठी मेमरीत चढत होता.

क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरने असा प्लॅन निवडलाच कसा, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आतल्या बाजूचं सर्वाधिक वेळा येणारं मूल्य हॅशच्या मर्यादेत मावणार नाही असं दिसलं तर प्लॅनर हॅश जॉइन टाळतो. पण त्याला ते आकडेवारीत दिसावं लागतं. आमच्या जॉबमध्ये भरणा आणि जॉइन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्यामुळे मध्ये आकडेवारी ताजी करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमला वावच नव्हता. ट्रंकेट केल्याने जुनी आकडेवारी पुसली जात नाही, आणि तिच्या मते ६४ टक्के ओळी नल होत्या. वर क्रॅशमुळे सगळं रोलबॅक झालं, म्हणजे नवा डेटा टेबलात कधी टिकलाच नाही आणि आकडेवारी कधी बदलली नाही. एकदा पडल्यावर हे जॉब आपोआप सावरणं शक्यच नव्हतं.

हाच जॉइन १२८ जीबीच्या चाचणी मशीनवर वर्क_मेम २५६ एमबी ठेवून एक्स्प्लेन ॲनालाइझने चालवला. हॅशच्या ओळीखाली आलं: बॅचेस (म्हणजे तुकडे) १३१०७२, मूळ २५६. असे दोन आकडे इतके लांब दिसले की आधी किल्लीतली मूल्यं मोजावीत. वापरात आलेल्या प्रत्येक तुकड्याच्या फाइलीला ८ केबीचं बफर लागतं, तो बोजा वेगळाच.

दुरुस्ती त्याच दिवशी केली. कॉपी संपताच, जॉइनच्या आधी, भरणा टेबलावर ॲनालाइझ (आकडेवारी ताजी करणारी आज्ञा). डीफॉल्ट सेटिंगला ते ३०,००० ओळींचा नमुना घेतं, त्यामुळे वेळ किरकोळ जातो. जॉइनमध्ये ग्राहक क्रमांकावर नलइफ लावून शून्याचं पुन्हा नल केलं. मूळ मजकुराचा रकाना जॉइनमधून काढला, तो पुढे कुठे वापरातच नव्हता; ओळ दीड केबीवरून १२० बाइटवर आली.

काम तुकड्यांत चालवायचाही सल्ला आला. सल्ला चांगला आहे, पण तुकडे कशावरून पाडायचे हे बघावं लागतं. बाकी दुरुस्त्यांशिवाय नुसते ग्राहक क्रमांकाच्या टप्प्यांवर पाडले असते तर सगळी शून्यं पहिल्याच टप्प्यात आली असती आणि सर्व्हर पुन्हा पडला असता. आम्ही भरण्याच्या अनुक्रमांकावर पाडले, ५ लाख ओळींचा एक, आणि प्रत्येकानंतर कमिट. रॅम ६४ जीबी करण्याची मागणी मात्र मी मागे घेतली.

कर्नलकडे व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ केलं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी द्यायला त्याने नकार द्यायचा. मग मेमरी संपली की त्याच क्वेरीला ‘आउट ऑफ मेमरी’ची एरर मिळते आणि बाकीच्या जोडण्या सहसा शाबूत राहतात. हे करताना ओव्हरकमिट_रेशो (त्या मर्यादेत रॅमचे किती टक्के धरायचे) तपासलाच पाहिजे. डीफॉल्ट ५० टक्क्यांनी आमची मर्यादा १६ अधिक स्वॅपचे २, म्हणजे १८ जीबी झाली असती, आणि त्यातले ८ शेअर्ड बफर्सनेच धरले असते. आम्ही तो ८० ठेवला.

चौथ्या रात्री आरएसएस-ॲनॉन ४०० एमबीच्या वर गेला नाही. आता भरण्यानंतर जॉब पीजी_स्टॅट्समधून (आकडेवारीच्या तक्त्यातून) किल्लीच्या रकान्याची, नल केलेलं शून्य सोडून, सर्वाधिक वारंवारता वाचतं आणि ती ५ टक्क्यांहून जास्त असेल तर जॉइन सुरूच करत नाही. पुढच्याच महिन्यात ते थांबलं, शाखा क्रमांकाच्या रकान्यावर. या वेळी शून्याच्या जागी ९९९९ होतं.