बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आणि कांद्याचं मूळ : माझा अनुभव

बारावीपर्यंत माझं जीवशास्त्र एनसीईआरटीच्या ओळी पाठ करण्यात गेलं. नीटसाठी ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा पेशीविभाजनाचे सगळे टप्पे मला तोंडपाठ होते, आणि विभाजन होत असलेली एकही पेशी मी पाहिली नव्हती. पहिलं वर्ष कसं पार पडलं असं कुणी विचारलं, की मी कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकलच सांगते.

त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. कांदा साठवणीतला लागतो. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला लवकर मुळं फुटत नाहीत. ऑगस्टमध्ये चाळीतला उन्हाळी कांदा मिळतो, तो यासाठी उत्तम. बुडाची वाळलेली मुळं ब्लेडनं खरवडून कांदा पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा बसवायचा, की फक्त बूड पाण्याला टेकेल. चार-पाच दिवसांत पांढरीशुभ्र मुळं खाली उतरतात. ती सकाळी आठ-नऊच्या सुमारास कापतात, कारण त्या वेळी विभाजन होणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कापल्याबरोबर एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकायची. पेशी ज्या टप्प्यावर असेल, तिथेच थांबते.

पुढचं सगळं हाताचं कौशल्य. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मूळ गरम केलं, की पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं. ॲसिटोकार्मिन या रंगानं गुणसूत्रं लाल होतात. मग टोकाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा, गडद रंगलेला भाग ठेवून बाकीचं मूळ काढून टाकायचं. वर कव्हरस्लिप, ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याचा दाब. लॅबमधले मामा मागे उभे राहून सांगायचे, "पोरी, सरळ खाली दाब. अंगठा हलला, की पेशी गुंडाळल्या जातात." कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मला या दोन वाक्यांचा जास्त उपयोग झाला.

मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर जिकडेतिकडे इंटरफेज, म्हणजे विभाजन सुरू न झालेल्या पेशी. पुस्तकात विभाजनाचे चारही टप्पे (प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज) शेजारीशेजारी, एकाच मापाचे काढलेले असतात. स्लाइडवर प्रोफेज बऱ्यापैकी दिसतात, मेटाफेज मोजके, आणि ॲनाफेज तर स्लाइड सरकवत शोधावा लागतो. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी दुसरी स्लाइड दिली नाही. विचारलं, "का सापडत नाही, ते सांग."

बराच वेळ विचार केल्यावर उत्तर सुचलं. मुळाच्या टोकातल्या पेशी सगळ्या मिळून एकदम विभाजन सुरू करत नाहीत, जी ती आपापल्या टप्प्यावर असते. म्हणजे जो टप्पा झटकन उरकतो, त्यात थोड्याच पेशी पकडल्या जातात, आणि जो लांबतो त्यात जास्त. म्हणून मेलेल्या, रंगवलेल्या पेशी नुसत्या मोजूनही कुठल्या टप्प्याला तुलनेनं किती वेळ लागतो, हे काढता येतं! अंगावर काटा आला माझ्या. तोपर्यंत तोंडपाठ केलेली ती चार नावं होती. त्या दुपारी मला कळलं, की प्रत्येक नावामागे वेळ आहे.

जर्नलमध्ये हेच उतरवायचं होतं. एचबी पेन्सिल, शेडिंग नाही, नावं एका बाजूला. मॅडम सही करण्याआधी आकृती आणि स्लाइड शेजारी ठेवून बघायच्या. वर्गात कितीतरी जणांच्या पुस्तकातून उतरवलेल्या देखण्या आकृत्या सहीविना परत आल्या. काहींना ते जाचक वाटायचं. मला वाटतं, पहिल्या वर्षात याहून मोठं काही शिकवता येणार नाही.

बाकीची प्रॅक्टिकल्स त्या शिस्तीत सुरळीत गेली. सूर्यफुलाच्या खोडाचे काप, सॅफ्रॅनिन या रंगानं लाल झालेलं, पाणी वाहून नेणारं झायलम, रक्तगट तपासणी. प्राणिशास्त्रात चिरफाड नव्हती. यूजीसीनं २०११ साली ती टप्प्याटप्प्यानं बंद करण्याच्या सूचना दिल्या, त्यामुळे आम्ही तक्ते आणि मॉडेलांवर शिकलो. त्यात काही बुडालं असं मला वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये कास पठारावर सहल गेली. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यात नायट्रोजन कमी. तिथेच ड्रॉसेराच्या चिकट केसांत अडकलेला किडा आणि सीतेच्या आसवांचे जांभळे गालिचे पाहिले. या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती, जमिनीतून न मिळणारा नायट्रोजन किड्यांमधून मिळवणाऱ्या. हा धडा बारावीला एका ओळीत होता. पठारावर वाकून बघताना ती ओळ मी पाऊण तास वाचत होते.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारलं, "कांदाच का?" मी सांगितलं, गुणसूत्रं मोठी आहेत, सोळाच आहेत, मोजता येतात, आणि मुळं घरबसल्या वाढतात. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या स्पॉटकडे वळले.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक सांगते. फिक्स केलेली, म्हणजे त्या आम्ल-अल्कोहोलच्या मिश्रणात टाकलेली मुळं २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवा. बरेच दिवस टिकतात, आणि परीक्षेआधी अंगठ्याचा दाब बसवायला पुरतात. बाटलीवर रोल नंबर आणि तारीख पेन्सिलनं लिहा. अल्कोहोल लागलं, की पेनची शाई पुसली जाते.