बाजारभावाचा डेटाबेस: रोजकीर्दीवरून खतावणीकडे

विदर्भातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरण्याचं काम दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी चालूच आहे. नोंदी आता ४ लाखांवर गेल्या. लॅपटॉप तोच जुना, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क.

या वेळचं काम काकाजींच्या प्रश्नातून निघालं. "कारंज्याले दसऱ्याच्या टायमाले सोयाबीन इकलं असतं तर दर साली काय भाव भेटला असता, अन् फेब्रुवारीलोक घरी ठेवलं असतं तर काय?" मी घाईघाईत तारखेतून महिना कापून घेणारी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली. उत्तराला ३.४ सेकंद लागले. उत्तर कसं शोधलं ते दाखवणारी 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' ही आज्ञा लावली, तर समोर 'स्कॅन'. म्हणजे सगळं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तारखेवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमवार यादी, होता, पण तारीख तिचा तुकडा कापणाऱ्या सबस्ट्रिंग फंक्शनमध्ये घातली की तो निकामी होतो. इंडेक्समध्ये पूर्ण तारखा ओळीनं लावलेल्या असतात, ऑक्टोबर महिना त्यात दर वर्षाच्या पोटात वेगवेगळा पडलेला असतो.

तसंही महिना हे मापच चुकीचं होतं. २०१७ चा दसरा ३० सप्टेंबरला, २०२० चा २५ ऑक्टोबरला. म्हणून 'हंगाम' नावाचं छोटं टेबल केलं: वर्ष, पासून, पर्यंत. ते भावाच्या टेबलाला जोडून तारखेवर सरळ 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत' अशी अट घातली. वेळ ०.७ सेकंदावर आली.

तरी समाधान झालं नाही. त्या दिवसांतली कापूस, तूर, हरभरा, सगळ्या बाजारांची नोंद उचलून मग कारंज्याचं सोयाबीन निवडलं जात होतं. इथं अडत्याकडच्या वह्या आठवल्या. रोजकीर्द तारखेनं चालते, खतावणीत आधी खातं आणि खात्याच्या आत तारखा. माझा इंडेक्स रोजकीर्द होता, प्रश्न खतावणीचा होता. नवा इंडेक्स पीक, बाजार, तारीख या क्रमानं केला. बरोबरीच्या अटीचे कॉलम (पीक, बाजार) आधी, पल्ल्याचा म्हणजे पासून-पर्यंतचा कॉलम (तारीख) त्यांच्यामागे. हा क्रम उलटा केला तर मेहनत वाया जाते. शेवटी सर्वसाधारण दरही त्यातच जोडला, म्हणजे मूळ टेबलाकडे जावंच लागत नाही. प्लॅनमध्ये 'सर्च' आणि 'कव्हरिंग इंडेक्स' दिसलं, वेळ ०.०२ सेकंद. जुना तारखेचा इंडेक्स ठेवला आहे, आजचे सगळे भाव पाहायला तोच लागतो. रोज भरताना दोन्ही इंडेक्स लिहावे लागतात, पण अख्ख्या दिवसाच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका दमात, भरतो, त्यामुळे ते जड जात नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासा. विभाग 'वऱ्हाड' शोधला तर निम्मेच बाजार आले. 'ऱ' दोन प्रकारे साठतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, एसक्यूलाइट मात्र बाइट जुळवते. आता भरण्याआधी पायथनमधून सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणतो. जुन्या नोंदीही तशाच दुरुस्त केल्या.

काल काकाजी शेजारी बसून उत्तरं पाहत होते. म्हणाले, "आता साऱ्या बाजाराईचं काढ." बाजाराची अट काढली, तर प्लॅनमध्ये इंडेक्सचे वापरलेले कॉलम ज्या कंसात दिसतात तिथं फक्त पीक उरलं, तारीख गळाली. मधला कॉलम मोकळा सुटला की त्याच्या पुढचा वापरता येत नाही. बाजारांच्या नावांचं छोटं टेबल हंगामासारखंच जोडून एकेका बाजारात शिरायचं, हे आता पुढचं काम.