कोल्हापूर ते लंडन, आईसोबत: सीट मागं टाकायच्या आधी एवढं बघा

ताईच्या बाळंतपणासाठी आईला लंडनला सोडून आलो. आपल्याकडची बरीच आई-बाबा मंडळी याच कामासाठी पहिल्यांदा विमानात बसतात म्हणून मुद्दाम लिहितोय. चटणी कशी पॅक करायची, डिंकाचे लाडू कुठल्या बॅगेत टाकायचे हे दहा जण सांगतात, पण नऊ-दहा तास ज्या सीटवर काढायचे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो. उजळाईवाडीचं, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरचं, विमान पण बघितलेलं, पण दोन्ही तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं लेट झाल्यावर पुढचं चुकायची जबाबदारी आपल्यावरच येते, त्यामुळं आदल्या रात्रीची रेल्वे धरून मधे अख्खा दिवस मोकळा ठेवला. वय झालेलं माणूस सोबत असेल तर असंच करा. रेल्वेत झोपायचं सुद्धा ठरलेलं असतं बघा, मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतच लावायचा, २०१७ ला तसं पत्रकच निघालंय, त्यामुळं वाद झाला तरी टीसी येऊन मिटवतो. विमानात असलं वेळापत्रक नाही. टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळ पाहिजे एवढंच सक्तीचं, कारण काही झालं तर मागच्या रांगेला पटकन बाहेर पडता आलं पाहिजे (निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदात सगळं विमान रिकामं होतं हे दाखवल्याशिवाय त्या मॉडेलला मंजुरीच मिळत नाही). बाकी सगळं माणसांच्या समजुतीवर.

आणि आमच्या पुढच्या माणसाला ती समज नव्हती. जेवण नुकतंच आलेलं, आईनं डाळीच्या वाटीवरचा कागद काढला आणि तेवढ्यात पुढची सीट एका झटक्यात मागं आली. ग्लासातलं पाणी ट्रेमध्ये, डाळ भातावर आणि थोडी पदरावर, आणि आईचं गुडघेदुखीचं दुखणं आधीच, तिला पाय हलवायला जागाच उरली नाही. मी उठायला लागलो तर म्हणते, "असू दे की रे, दमला असंल त्यो." आपल्या आया अशाच, रात्रभर अवघडून बसतील पण कोणाला बोलणार नाहीत, आणि म्हणूनच मला हे इतकं लागतं. मी त्याच्याशी न बोलता बटण दाबून एअर होस्टेसला बोलावलं. तिनं त्याला सांगितलं की जेवण होईपर्यंत सीट सरळ ठेवा, त्यानं केली, विषय संपला. तुम्ही पण हेच करा, स्वतः वाद घालू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला चाललेलं विमान याच भांडणापायी शिकागोला उतरवावं लागलं होतं, एकानं पुढची सीट मागं येऊ नये म्हणून ट्रेला प्लास्टिकची क्लिप लावलेली आणि पुढचीनं त्याच्यावर पाणी फेकलं. तसल्या क्लिपा कुठं विकत मिळाल्या तरी घेऊ नका.

जेवण झालं, ट्रे गेले, लाईट मंद झाल्या, आता आईची सीट मागं करायची होती. आधी मागं वळून बघितलं, एक पोरगा लॅपटॉपवर काम करत होता. सीट एकदम मागं गेली तर स्क्रीन वरच्या खाचेत अडकून तुटते, हे लक्षात ठेवा. त्याला म्हटलं, आईला जरा पाठ टेकायची आहे, चालेल का, तर त्यानं लगेच लॅपटॉप मागं ओढला आणि "हो हो, घ्या ना काका" म्हणाला. एका वाक्याचं काम. मग बटण दाबून हळूहळू मागं घेतली, निम्मीच, आणि तेवढ्यात आईला छान झोप लागली. माझं तर स्पष्ट मत आहे, सीट मागं घेणं हा हक्क आहेच, पैसे भरलेत, पण विचारून घ्यायची आणि जेवताना सरळ करायची, यात दुमत असूच नये. उजळाईवाडीहून हैदराबाद-बेंगळुरूच्या छोट्या प्रवासात तर सीट मागं घ्यायची गरजच नसते.

सीट निवडताना शेवटची रांग आणि इमर्जन्सी दरवाजाच्या लगेच पुढची रांग टाळा, तिथली सीट बहुतेक वेळा मागं जातच नाही किंवा अगदी थोडी जाते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पुढून कोणी अंगावर येत नाही, पण टेकऑफला पर्स सुद्धा वर ठेवावी लागते आणि तिथं पाळण्याची सोय असल्यामुळं तान्ही बाळं असतात. गुडघ्याचा त्रास असेल तर आईलची, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची, सीट बेस्ट, उठता-बसता येतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

आई-बाबा एकटे जाणार असतील तर घरीच खुर्चीत बसवून सांगा, हाताशेजारी बटण असतं, ते दाबून पाठीनं रेटायचं, सरळ करताना परत दाबून पुढं झुकायचं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि रात्रभर ताठ बसून राहतात. आणि एका कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून द्या की गुडघे दुखतात, कृपया पुढच्या प्रवाशाला जेवताना सीट सरळ करायला सांगा. आई परत एकटी येणार आहे, तिच्या पर्समध्ये ही चिठ्ठी ताईनं आत्ताच घालून ठेवली आहे.