आधी फोटोची पाठ बघा

जुना फोटो हाती लागला की घरातले सगळे चेहऱ्यांवर तुटून पडतात. हे आबा, ही जिजी, आणि कडेवरचा हा कोण? तासभर वाद होतो, पण साल काही लागत नाही. म्हणून फोटो आधी उलटा करावा. साल बहुधा पाठीवरच असतं, फक्त ते आकड्यांत लिहिलेलं नसतं.

स्टुडिओचा रबरी शिक्का असेल तर पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ साली झाली. महाराष्ट्र झाल्यावर ही नावं जाऊन जळगाव आणि धुळे अशी जिल्ह्यांची नावं रूढ झाली. शिक्क्यावर ‘पूर्व खानदेश’ असेल तर फोटो मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतला. शिक्का झिजेपर्यंत वापरायची रीत होती, त्यामुळे पुढे चार-पाच वर्षांची सूट धरा. पत्त्यात ४२५००१ किंवा ४२४००१ असा सहा आकडी पिन असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन त्याच दिवशी सुरू झाला. ‘जि. नंदुरबार’ असेल तर १ जुलै १९९८ नंतरचा. पाकिटात प्रतींच्या हिशेबाची चिठ्ठी राहिली असेल तर ती सोन्यासारखी जपा. दर आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, आणि ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ इतकं नेमकं साल हाती येतं. मात्र शिक्का एवढंच सांगतो की ही प्रत तेव्हाची आहे. मूळ फोटो चाळीस वर्षं जुना असू शकतो. कॉपी केलेल्या फोटोत मूळ प्रतीच्या सुरकुत्या आणि डागसुद्धा छापलेले असतात. त्यावरून बोट फिरवलं तर ते हाताला लागत नाहीत.

मग पुढची बाजू. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कागद अगदी पातळ, रंग पिवळसर तपकिरी असा फोटो असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असण्याची शक्यता मोठी. उजेडात तिरका धरल्यावर काळ्या भागाच्या कडेला निळसर चांदी चमकली तर ती जिलेटिनच्या (चित्र धरून ठेवणाऱ्या चिकट थराच्या) कागदातली चांदी वर आलेली असते. ती पुसायला जाऊ नका. सव्वादोन इंची चौकोनी छोटे फोटो म्हणजे १२० नंबरच्या रुंद फिल्म रोलवरून मोठे न करता थेट काढलेल्या प्रती. घरोघरी अगफा क्लिक कॅमेरा होता त्या काळातले असे ढीगभर सापडतात. रंगीत फोटो लालसर झाला असेल तर त्यातला निळसर रंग आधी उडालेला असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांत हे सर्रास दिसतं.

कपड्यांवरून साल ठरवताना फसगत होते, कारण आपण सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघतो. आजी नऊवारीत आहे म्हणून फोटो जुना, असं होत नाही. खानदेशात नऊवारी लुगडं ऐंशीच्या दशकातही म्हाताऱ्या बायांच्या अंगावर होतं. फोटोतली सगळ्यात नवी गोष्ट शोधा: नव्या सुनेचा ब्लाउज, पोराच्या पायातली चप्पल, भिंतीवरची विजेची तार अडकवायची चिनी मातीची गुंडी. फोटो त्या वस्तूच्या आधीचा असूच शकत नाही. स्टुडिओतला कोट, खुर्ची आणि मागचा रंगवलेला बगीचा बहुतेक वेळा स्टुडिओचाच असायचा, त्यावरून घरची ऐपत ठरवू नका. धाब्याच्या घरासमोर ओट्यावर काढलेला ग्रुप फोटो जास्त खरा. दहापट भिंगाने त्याचा काठ बघा: कोपऱ्यातली दमणी (हलकी बैलगाडी), खुंटीवरचा कंदील, अर्ध्या उघड्या दारात उभी राहिलेली आणि फोटोत न बसवलेली बाई. माझ्या मते अशा फोटोत सगळ्यात मोलाचं तेच असतं.

जळगाव जिल्ह्यात गांधी टोप्यांची गर्दी दिसली की ‘हा फैजपूर काँग्रेसचा’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. ते अधिवेशन १९३६ च्या डिसेंबर अखेरीस झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनी सजावट बांबूसारख्या गावच्या साहित्यातून उभारली होती. बांबूकाम, थंडीचे कपडे, कमान यांतलं काहीच दिसत नसेल तर मागे फक्त ‘काँग्रेस सभा’ लिहा. चुकीचं नाव एकदा चिकटलं की तीन पिढ्या निघत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान देवघराशेजारच्या फ्रेमांचं होतं. गेलेल्या माणसाच्या फोटोला ओल्या बोटाने गंध लावतात, ते पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत मुरतं. पावसाळ्यात जिलेटिन फुगतं आणि काचेला चिकटतं. खालचा काठ आधी चिकटतो तो यामुळे. असा फोटो ओढून काढू नका, पाण्यात घालू नका, ड्रायर फिरवू नका. चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट कॉपी करा. घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरमधला पातळ स्कॅनर बहुतेक वेळा काचेपलीकडचं धूसर घेतो. त्यापेक्षा ओसरीच्या सावलीत फ्रेम उभी ठेवा, कॅमेरा स्टँडवर अगदी समोर लावा, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. फ्लॅश बंद.

सुटे फोटो पोस्टकार्डाएवढे असतील तर स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), सव्वादोन इंची असतील तर १२०० वर, फाइल टिफ प्रकारची. काळापांढरा फोटोसुद्धा रंगीतमध्ये स्कॅन करा, म्हणजे डाग आणि शाई वेगळी दिसते. भिंतीवर कॉपी लावा. मूळ फोटो कागदी पाकिटात, घराच्या आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको. मे महिन्यात तिथे भट्टी असते. कडुनिंबाचा पाला फोटोला टेकवू नका, डाग पडतो.

गुंडाळी झालेला शाळेचा किंवा गिरणीचा लांब फोटो उन्हाळ्यात उघडायला गेलात तर तडकतो. आषाढाच्या दमट हवेत एक-दोन दिवस उघड्यावर राहू द्या, रोज थोडा सैल करा, मग दोन कोऱ्या कागदांमध्ये वजनाखाली ठेवा. पृष्ठभाग चिकट लागला तर लगेच थांबा, नाहीतर बुरशी धरते.

राहिली नावं. मागे ‘आबा’ लिहून उपयोग नाही, प्रत्येक घरात एक आबा असतोच. पूर्ण नाव, गाव, आणि बाईचं माहेरचं नाव व माहेरचं गावही लिहा. ‘बघणाऱ्याच्या डावीकडून’ असं स्पष्ट लिहा. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मगच फोटो आत घाला. म्हाताऱ्या माणसाच्या हातात मोबाइलवरचा फोटो नाही, खरा फोटो द्या, शेजारी रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि विचारा, ‘हाई कोन शे?’ (अहिराणीत ‘हे कोण आहे?’) मग गप्प बसा. पहिलं नाव यायला कधीकधी पाच मिनिटं लागतात.