फोन नंबर कुठंय?

"छान आहे गं, पण फोन नंबर कुठंय?" ताईनं विचारलं आणि मी गप्पच झाले.

तिच्या शिवणकामाच्या वेबसाइटसाठी सकाळपासून टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचे तयार साचे, बघत होते. चाळीसेक पाहिल्यावर एक मनात भरलं. पूर्ण रुंदीचा फोटो, त्यावर नाजूक पांढरी अक्षरं. लॅपटॉपवर फार देखणं दिसत होतं.

ताईनं ते मोबाइलवर उघडलं. आधी फोटो यायलाच वेळ लागला. डेमोतल्या गडद फोटोच्या जागी मी तिनं शिवलेल्या फिकट पिवळ्या फ्रॉकचा फोटो टाकला होता. पांढरी अक्षरं त्यात पार विरून गेली. नंबर सापडेपर्यंत तिचा अंगठा सात वेळा वर सरकला. मी मोजलं.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ हवं, हा सुलभतेचा, म्हणजे सगळ्यांना नीट वाचता यावं यासाठीचा, निकष मी वाचलेला होता. तरी त्या फोटोला भुलले.

मग एक साधं टेम्प्लेट घेतलं. वर नाव, त्याखाली लगेच नंबर, बोट टेकवलं की थेट फोन लागणारा. मग तिच्या कामाचे फोटो, पटकन उघडावेत म्हणून फाइल लहान करून टाकलेले.

ताई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे माझं वाटतंय."

तुम्ही टेम्प्लेट निवडताना ते आधी कुणाच्या फोनवर उघडून बघता?