सेन्सरने एवढी खाज येते तर काढून का टाकत नाही?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. घरचे विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि हल्ली नव्याने ग्लुकोज सेन्सर, म्हणजे दंडावर चिकटवून रक्तातली साखर सतत मोजत राहणारी छोटी डबी, लावलेली टाइप १ डायबिटीसवाली मंडळीही विचारतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो, कारण त्यांच्या स्वतःच्या दंडावर पुरळ उठलेलं असतं आणि आता पुढे काय करायचं ते सुचत नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

काढून टाकत नाही कारण माझी साखर रात्री झोपेत उतरते आणि मला जाग येत नाही. बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काही जणांना साखर लो झाल्याची लक्षणं, म्हणजे हात थरथरणं, घाम, धडधड, हळूहळू जाणवेनाशी होतात, माझं तसंच झालंय. सेन्सरचा अलार्म वाजतो म्हणून मी उठते, काहीतरी गोड खाते, परत झोपते. बोटाला टोचून बघितलं की त्या क्षणाची साखर कळते, पण ती वर चाललीय का खाली ते कळत नाही, आणि झोपेत टोचणार कोण? त्यामुळे खाज की अलार्म असं निवडायला लावलंत तर मी खाज घेईन. पण मुळात ही निवड करायची वेळ बऱ्याच जणांवर येऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण ज्याला आपण सरसकट ॲलर्जी म्हणतो त्यात दोन वेगळे प्रकार असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला पुरत नाही.

पहिला प्रकार म्हणजे नुसती चुरचुर, डॉक्टर त्याला इरिटेशन म्हणतात. चिकट पट्टी दहा-चौदा दिवस एकाच जागी, खाली घाम अडकलेला, अल्कोहोलने पुसल्यावर कातडी पूर्ण वाळायच्या आत सेन्सर दाबून बसवलेला, आणि शेवटी काढताना खस्सकन ओढलेला, यातलं काहीही पुरतं. चट्टा पट्टीच्या आकाराएवढाच असतो, कडा अगदी आखल्यासारख्या, खाजेपेक्षा आग जास्त, आणि सेन्सर काढला की दोन-चार दिवसांत बसतो.

दुसरा प्रकार खरी ॲलर्जी, आणि ती फसवी असते कारण ती पहिल्या सेन्सरला सहसा येतच नाही. शरीराला एखादं रसायन ओळखून त्याच्याविरुद्ध तयारी करायला वेळ लागतो, कधी आठवडे, कधी कित्येक महिने, आणि तोपर्यंत सगळं छान चाललेलं असतं. म्हणूनच लोक म्हणतात की अहो मला तर वर्षभर काही झालं नव्हतं, मग ॲलर्जी कशी असेल? तशीच असते. एकदा ती झाली की पुढचा सेन्सर लावल्यावर एक-दोन-तीन दिवसांत खाज सुरू, त्याच्या पुढच्याला बहुतेकदा अजून लवकर आणि अजून जोरात. बारीक पाणी भरलेल्या पुटकुळ्या येतात, त्या फुटून जागा ओली होते, पट्टी सुटायला लागते, आणि पुरळ पट्टीच्या कडेबाहेर पसरतं. सेन्सर काढल्यावरही आठवडा-दोन आठवडे ते जात नाही. सावळ्या कातडीवर लाली तशी दिसतच नाही, डाग जांभळट किंवा नुसताच गडद दिसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की विशेष काही नाही. अशा वेळी बोट फिरवून बघा, जागा गरम, जाडसर, खरखरीत लागते. नंतर जो काळा डाग महिनोन् महिने राहतो तो मात्र ॲलर्जी चालू असल्याची खूण नाही, सूज गेल्यावर मागे राहिलेला रंग आहे तो.

बऱ्याच जणांना वाटतं की सेन्सरची जी साखर मोजणारी बारीक तार कातडीच्या आत राहते तिचा त्रास होतो. तार असते जेमतेम पाच मिलिमीटर आणि ती आत घालणारी सुई तर लावताक्षणी बाहेर येते. गुन्हेगार बहुतेक वेळा गोंदातली रसायनं, ॲक्रिलेट जातीची. यातलं सगळ्यात बदनाम आयसोबॉर्निल ॲक्रिलेट. फ्रीस्टाइल लिब्रे नावाचा सेन्सर वापरणाऱ्यांना पुरळ यायला लागलं तेव्हा बेल्जियम आणि स्वीडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सेन्सरच्या भागांची रासायनिक तपासणी केली आणि 2017 मध्ये हे नाव पुढे आलं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तो पदार्थ मुळात प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना जोडायला वापरलेला होता, आणि तिथून झिरपत झिरपत खालच्या चिकट पट्टीत उतरत होता. म्हणजे रुग्ण बिचारा पट्टीला दोष देतोय आणि मूळ वरच्या डबीत. 2020 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने, म्हणजे कातडीला लागलेल्या पदार्थांनी येणाऱ्या पुरळाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने, याच पदार्थाला त्या वर्षीचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं, आणि लिब्रेचाच पुढचा अवतार लिब्रे २ त्याच्याशिवाय बाजारात आला. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं! हे मी आवर्जून सांगते, कारण 'सोसावंच लागेल' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आपल्याला कोणता प्रकार आहे हे पक्कं कळायला पॅच टेस्ट असते. पाठीवर छोट्या छोट्या गोल चकत्यांमध्ये एकेक रसायन अगदी पातळ प्रमाणात व्हॅसलीनमध्ये मिसळून चिकटवतात, शेजारी मार्करने खुणा करतात, आणि 48 तास तसंच ठेवायचं, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. पट्ट्या काढल्या की एकदा बघतात, मग दोन दिवसांनी परत, आणि ॲक्रिलेटच्या बाबतीत आठवड्याने अजून एकदा दाखवलेलं बरं कारण काही डाग उशिरा उठतात. माझ्या पाठीवर एकाच खुणेखाली पुटकुळ्यांचा गोल उठला होता, बाकी पाठ साफ, आणि ते बघून मला चक्क बरं वाटलं, कारण आता शत्रूला नाव होतं. एक अडचण सांगते. नेहमीच्या टेस्टच्या संचात आयसोबॉर्निल ॲक्रिलेट असेलच असं नाही, म्हणून आधीच विचारा की सेन्सरच्या गोंदातल्या ॲक्रिलेटची टेस्ट करणार का. टेस्ट निगेटिव्ह आली आणि पुरळ तर खऱ्या ॲलर्जीसारखं येतंच आहे, असं झालं तर बहुधा योग्य पदार्थ तपासलेलाच नसतो. जाताना वापरून काढलेला सेन्सर डबीत घालून सोबत न्या.

आता उपाय. चुरचुरीचा प्रकार असेल तर साध्या गोष्टींनी खूप फरक पडतो. जागा दर वेळी बदला, आधीची पूर्ण बरी होऊ द्या, क्रीम किंवा तेल लावलेल्या कातडीवर बसवू नका, अल्कोहोल पूर्ण वाळू द्या, आणि मग सेन्सर बसवायच्या आधी कातडीवर बॅरियर स्प्रे किंवा वाइपचा, म्हणजे कातडी आणि गोंद यांच्यामध्ये आड येणाऱ्या औषधाचा, पातळ थर. काढताना सिलिकॉनवाला ॲडेसिव्ह रिमूव्हर किंवा बेबी ऑइल कडेने सोडत, पट्टी वर न ओढता कातडीला समांतर मागे दुमडत, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरत, सावकाश. घाईत ओढली तर कातडीचा वरचा पापुद्रा सोबत येतो, अक्षरशः येतो, मी पट्टीला चिकटलेला बघितलाय.

खरी ॲलर्जी असेल तर बॅरियर स्प्रेवर फार भिस्त ठेवू नका. ही रसायनं पातळ थरातून आरपार जातात, फार तर पुरळ थोडं उशिरा येतं. जाड हायड्रोकोलॉइड प्लास्टर, जखमेवर लावतात ते जेलसारखं, सेन्सरच्या खाली लावून काही जण निभावतात, पण मग तार तेवढी कमी आत जाते आणि आकडा चुकू शकतो, म्हणून सुरुवातीचे दिवस बोटाला टोचून ताडून बघायलाच हवं. फ्लुटिकॅसोन म्हणजे नाकात मारायचा जो स्टेरॉइड स्प्रे आहे तो काही डॉक्टर सेन्सर लावायच्या आधी कातडीवर मारून वाळवायला सांगतात, तो त्यासाठी बनलेला नाही पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. डॉक्टरांना विचारूनच करा, एकाच जागी पुन्हा पुन्हा मारला तर कातडी पातळ होते, आणि ॲलर्जी त्याने जात नाही, नुसती दबते. आणि हो, स्टेरॉइड म्हटलं की साखर वाढेल ही भीती गोळ्यांच्या बाबतीत अगदी खरी आहे, तळहाताएवढ्या जागेवर थोडे दिवस लावलेल्या मलमाने सहसा तसं होत नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तो पदार्थ नसलेला सेन्सर शोधणं. मी तेच केलं, आता खाज येते ती घामाच्या दिवसांत येते तेवढीच. पण ते शोधणं इतकं अवघड का असावं? शाम्पूच्या बाटलीवर सगळे घटक छापलेले असतात, आणि जी वस्तू महिन्याचे तीसही दिवस अंगावर चिकटून राहते तिच्या गोंदात काय आहे हे खोक्यावर नसतं. कंपनीला फोन केला तर 'हायपोअलर्जेनिक आहे', म्हणजे ॲलर्जी कमी आणणारं आहे, एवढंच उत्तर मिळतं, ज्यातून काहीच कळत नाही. वर गोंद मधेच बदलला जातो, खोकं तेच, नाव तेच, आणि ज्याला कधी काही झालं नव्हतं त्याला अचानक फोड येतात, आणि तो स्वतःच्याच साबणाला दोष देत बसतो. याचा मला खरंच राग येतो. लहान मुलांच्या अंगावर लावतो आपण हे.

जागा ओली असेल, पू असेल, लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर वाट बघू नका, सेन्सर काढा, बोटावर तपासणं सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, तो संसर्ग असू शकतो. आणि दर वेळी सेन्सर काढल्या काढल्या फोटो काढा, एक तेव्हा, एक दोन दिवसांनी, सोबत खोक्यावरच्या लॉट नंबरचा फोटो. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पुरळ बसलेलं असतं आणि मग डॉक्टरांना दाखवायला हातात काही उरत नाही. तेच फोटो कंपनीलाही पाठवा, लेखी तक्रार म्हणून, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.